दादाचा सांडवा

नवा इंजिनिअर अडला, तर त्यानं विचारायचं कुणाला?

हा प्रश्न मी डेप्युटी साहेबांना विचारला, त्यांच्या जीपच्या ड्रायव्हरला विचारला, ऑफिसातल्या मोठ्या कारकुनाला विचारला. डेप्युटी साहेबांनी घड्याळ बघितलं. ड्रायव्हरनं डेप्युटी साहेबांकडं बघितलं. कारकुनानं मला खालून वरपर्यंत बघितलं आणि "तू कोण?" म्हणून उलटं मलाच विचारलं.

मी कोण, तर इंजिनिअरचा धाकटा भाऊ. पाचवीत दोनदा नापास झालो, तिसऱ्यांदा गुरुजींनाच कंटाळा आला. दादा मात्र शिकला. कोल्हारच्या आमच्या भावकीतला तो पहिला डिप्लोमावाला. बहात्तरच्या दुष्काळात त्याला नोकरी लागली ती पाथर्डीच्याही पुढं, पाझर तलावाच्या कामावर. आई म्हणाली, "बापू, त्याला भाकरी कोण करून घालणार? तू जा संगं." मी भाकरी करायला गेलो आणि चौथ्या दिवशी हजेरीपटावर चढलो. काम संपेपर्यंत तिथंच राहिलो.

दादाला जाऊन आता चार महिने झाले. भेटायला माणसं येतात ती रडायच्या तयारीनं, आणि मी सांगायला बसलो की हसत उठतात. आई माझ्यावर चिडते. पण एक किस्सा सांगावा तर त्याच्या पाठीमागं दुसरा उभाच असतो. त्या सालात त्या माळावर दुसरं काही पिकलं नाही, हे मात्र भरपूर पिकलं.

*

पहिला दिवस. डेप्युटी साहेब आम्हाला जीपमधून सोडायला आले. हे फार मोठं झालं म्हणायचं, कारण त्यानंतर ते पुढच्या पाच महिन्यांत आले नाहीत. जीप थांबली, पण साहेब काही उतरले नाहीत. बसल्या बसल्या त्यांनी नकाशाची गुंडाळी दादाच्या हातात दिली आणि दोन टेकाडांकडं बोट केलं.

"यांच्या मधे भराव घालायचा. नकाशा आहे, माणसं आहेत. करा सुरू."

दादा म्हणाला, "साहेब, माझी पहिलीच वेळ आहे. कुणी सिनिअर..."

"पहिली वेळ सगळ्यांचीच असते," असं म्हणून साहेबांनी ड्रायव्हरला खूण केली. कॉलेजात तीन वर्षं शिकवलं आणि इथं तीन मिनिटांत उरकलं.

जीपची धूळ खाली बसली तेव्हा समोर पाच-सहाशे माणसं उभी होती. टिकाव, फावडी, घमेली घेऊन, साहेब काय हुकूम करतो ते ऐकायला. दादा तेवीस वर्षांचा. त्यानं नकाशा उघडला तर वाऱ्यानं तो त्याच्याच तोंडावर आपटला. तो सोडवून दादानं घसा साफ केला. काहीतरी बोलायलाच हवं होतं. तो म्हणाला, "सगळ्यांनी पाणी प्यायलंय ना?"

मग गहिनाजी मुकादम पुढं आला. साठीचा माणूस, डोक्याला मुंडासं, आवाज एकदम मऊ.

"सायब," तो म्हणाला, "पानी आस्तं तर आमी तलाव कशाला खांदायला आलो आस्तो?"

*

मग आली दुर्बीण. म्हणजे तिपाईवर बसवायची ती लेव्हल बघायची नळी. लांब एक माणूस आकडे घातलेली उंच पट्टी धरून उभा राहतो आणि साहेब नळीतून आकडे वाचतो. पट्टी धरायचं काम माझं. या नळीतून माणूस उलटा दिसतो, डोकं खाली, पाय वर. तिची बनावटच तशी. दादाला ते कॉलेजपासून माहीत होतं. मुकादमाला माहीत नव्हतं.

दादा पाणी प्यायला गेला तेवढ्यात मुकादमानं नळीला डोळा लावला. समोरून त्याचीच बायको घमेलं घेऊन चालली होती. मुकादम असा मागं उडाला की तिपाईला अडखळून पडला.

तासाभरात सगळ्या बाया खाली बसल्या. कुणी उठेना, कुणी नळीसमोरून जाईना. दादानं कारण विचारलं तर ठकूबाई पुढं आली. ही सगळ्यांत वयस्कर, तिच्या शब्दावर दोनशे बाया चालायच्या. तिनं सरळच विचारलं, "सायब, तुमच्या नळीत बाया उलट्या व्हत्यात. मग लुगडं कुठं जातं?"

दादा कानापर्यंत लाल झाला. कॉलेजात या प्रश्नाचं उत्तर शिकवलेलं नव्हतं. मी तर पट्टी टाकून मुकादमाच्या अंगावरच जाणार होतो. दादानं मला धरलं. माझ्या हातातली पट्टी घेतली, पन्नास पावलं लांब जाऊन उन्हात उभा राहिला आणि ओरडून म्हणाला, "बापू, एकेकीला बघू दे."

दोनशे बायांनी साहेबाला उलटा बघितला. हसून हसून काही जणींना ठसका लागला. ठकूबाईनं शेवटी डोळा लावला, बराच वेळ काढला नाही. मग वळून निकाल दिला.

"सायबाची टोपी पडत न्हाई, तर आपलं लुगडं कशाला पडंल? उठा गं."

मला तेव्हा त्याची लाज वाटली होती. साहेब माणसानं असं हसं करून घेऊ नये, असं मी त्याला जेवताना ऐकवलंही. तो म्हणाला, "आता मला कुणी घाबरत नाही, आता मला विचारता येईल." मला काही कळलं नाही. मी भाकरी त्याच्या ताटात जरा जोरातच टाकली.

*

विचारता येईल म्हणजे काय, ते आठवड्याभरात कळलं.

माती खणायच्या खड्ड्यात मधोमध न खणलेल्या मातीचा एक खांब सोडतात. त्याच्या उंचीवरून खड्डा किती खोल गेला ते मोजायचं. दादा रोज मोजायचा आणि खूश व्हायचा. टोळ्या फार कामाच्या आहेत म्हणायचा. एक दिवस मला संशय आला. मी एका खांबाला लाथ घातली, तर वरची वीतभर माती पोळ्यासारखी उडून गेली. रात्रीतून माती थापून, पाणी मारून खांब उंच केलेले होते. प्यायला पाणी नव्हतं, पण त्याला होतं.

मी म्हटलं, सगळ्यांची हजेरी काप. दादानं हजेरी कापली नाही. दुपारच्या सुट्टीत तो बायांच्या घोळक्यात जाऊन मांडी घालून बसला.

"मावशी," तो ठकूबाईला म्हणाला, "मला शिकवायला इथं कुणी नाही. साहेबाला कसं फसवायचं ते तुम्हाला येतं. तेच मला शिकवा."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. ठकूबाईनं तंबाखू मळली, दाढेला लावली. मग बोटांवर मोजत सांगायला लागली. खांब उंच करायचा. टेप ढिला धरायचा. मोजलेला खड्डा कडा तासून पुन्हा मोजायला लावायचा. अशा सात तऱ्हा सांगितल्या. दादा वहीत लिहून घेत होता, परीक्षेच्या आधी मुलं लिहितात तसा. सात झाल्यावर त्यानं विचारलं, "अजून आहे का?"

"आठवी हाय," ठकूबाई म्हणाली, "पर ती न्हाई सांगायची. ती आमाला ऱ्हाऊ द्या."

*

आता सांडव्याचं सांगतो. तलाव भरला की जास्तीचं पाणी बाहेर जायला टेकाडाच्या कडेनं एक वाट कापतात, तो सांडवा. तो चुकला तर पाणी भरावावरून जातं. आणि मातीच्या भरावावरून पाणी गेलं की भराव राहत नाही. आमच्या भरावाच्या खालच्या अंगाला चाळीस घरांची वस्ती होती. ठकूबाईचं घर त्यातच.

नकाशात सांडवा पूर्वेच्या टेकाडाला दाखवला होता. दादानं तिथं खड्डा घेऊन बघितला तर नुसता भुसभुशीत मुरूम, हातानं उकरला तरी निघायचा. पश्चिमेला टिकाव मारला तर ठिणगी उडाली. पूर्वेला कापला तर पहिल्या पुरात टेकाड धुऊन जाईल आणि भरावाला पाठीमागून भगदाड पडेल, असं दादाचं म्हणणं. पण नकाशा बदलायचा कुणी? नोकरीला दोन महिने झालेल्या पोरानं?

त्यानं ऑफिसला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. त्याला उत्तर आलं, "पत्र तीन प्रतींत पाठवावे." दादानं रात्री बसून तीन प्रती काढल्या. महिन्यानं लिफाफा आला. दादानं तो उभ्या उभ्याच फोडला. आत एक ओळ होती.

"सदर विषयाबाबत आपलेच पूर्वीचे पत्र पाहावे."

दादानं खरंच आपलं जुनं पत्र काढून पाहिलं. मग पहिल्यांदा मी त्याला मोठ्यानं हसताना ऐकलं. हसणं थांबेचना तेव्हा मी घाबरलो.

*

त्यानंतर ठरलं की सांडवा पश्चिमेला घ्यायचा, आणि तसा हुकूम दादानं स्वतःच्या तोंडानं द्यायचा. अडचण एवढीच, की दादाला हुकूम देता यायचा नाही. तो विनंतीच करायचा. म्हणून रोज संध्याकाळी झोपडीत आमची तालीम सुरू झाली. मी डेप्युटी साहेब व्हायचो. घडवंचीवर पायावर पाय टाकून बसायचो.

"कुणाच्या परवानगीनं?" मी ओरडायचो.

"माझ्या," दादा म्हणायचा. पण त्याचा आवाज असा यायचा की कुणी उसनं मागतंय.

"ऐकू आलं नाही!"

"माझ्या परवानगीनं. मी इथला इंजिनिअर आहे. सांडवा पश्चिमेलाच होईल."

"चुकला तर?"

इथं तो रोज अडायचा. तिसऱ्या संध्याकाळी म्हणाला, "चुकला तर खाली मी उभा राहीन." म्हणजे सांडव्याच्या खाली, वस्तीत. मला त्या वेळी ते बोलणं नाटकातलं वाटलं. मी टाळ्या वाजवल्या.

चौथ्या दिवशी सकाळी तो हजेरीला उभा राहिला. सगळं पाठ केलेलं एका दमात म्हणाला, "आजपासून सांडवा पश्चिमेला कापायचा. परवानगी माझी."

कुणीच हललं नाही. दादा पांढरा पडला. मुकादमानं मुंडासं काढून झटकलं, पुन्हा बांधलं.

"सायब, कालपास्नं तिकडंच खांदतोय आमी," तो म्हणाला. "तुमच्या झोपडीचं कूड लई पातळ हाय."

*

साहेबांची दुसरी भेट चैत्रात झाली. ऊन मी म्हणत होतं, त्यामुळं साहेब पुन्हा जीपमध्येच. दादा पळत गेला. त्याच्या एका हातात नकाशा, दुसऱ्या हातात पश्चिमेच्या दगडाचा तुकडा. तो साहेबांना दाखवायला त्यानं तीन दिवस जपून ठेवला होता.

"भराव?" साहेबांनी विचारलं.

"बारा आणे झालाय, साहेब."

"सांडवा?"

"झालाय साहेब, पण तो मी..."

"झालाय ना? मग पण कशाला?" साहेबांनी नकाशा घेतला, मांडीवरच ठेवून त्यावर सही केली. पूर्वेचा सांडवा सहीसकट पक्का झाला. दगडाचा तुकडा दादाच्या हातातच राहिला.

मी जीपच्या दांडीला धरून विचारलं, "साहेब, नवा इंजिनिअर अडला तर..." घड्याळ बघायचा प्रकार तो हा.

दादा त्या दिवशी जेवला नाही. मी म्हटलं, अरे सही मिळाली, आता कसली काळजी? तो म्हणाला, "बापू, मला सही नको होती. बरोबर आहे का चूक, एवढंच कुणीतरी सांगायला हवं होतं."

*

वैशाखात दादाचे डोळे पिवळे झाले. कावीळ. कामावरच्या हौदाचं पाणी सगळेच प्यायचे. तो सांडव्याच्या तोंडाशी दगड बसवून घेत होता. सुट्टीचा अर्ज केला तर निरोप आला की बदली माणूस मिळाल्यावर विचार होईल. बदली माणूस मिळाला नाही, म्हणून दादानंही विचार केला नाही. ठकूबाईनं कसलासा पाला वाटून दिला. मी रोज भांडलो. एकदा तर त्याची पट्टी मोडून टाकतो म्हणून दगड उचलला. तो म्हणाला, "मोड. पण हा थर बसला की मग."

थर बसला. ज्येष्ठ लागता लागता त्याला मुकादमाच्या बैलगाडीतून पाथर्डीला आणि तिथून एसटीनं नगरला नेलं. एसटीत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पाचव्या दिवशी दादा गेला.

यावर किस्सा नाही. असता तरी सांगितला नसता.

पण ऑफिसला किस्से कमी नाहीत. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दादाच्या नावानं लिफाफा आला. नवीन इंजिनिअरांसाठी चार दिवसांचा मार्गदर्शन वर्ग ठेवला आहे, न चुकता हजर राहावे. आठ दिवसांनी दुसरा लिफाफा. आपण वर्गाला गैरहजर राहिलात, तरी लेखी खुलासा करावा.

मी शाळेनंतर कागदाला पेन्सिल लावली ती तेव्हा. लिहिलं, "दादा वारले. म्हणून आले नाहीत." खाली सही केली. मग आठवण झाली, म्हणून अजून दोन प्रती काढल्या.

*

मी कामावर परत गेलो. दादाच्या जागी कुणी आलं नव्हतं, त्यामुळं कुणाला उठवायचंही नव्हतं. मुकादम मला धाकले सायब म्हणायला लागला. चेष्टेनं म्हणत असेल, पण पहिल्यांदा म्हणाला तेव्हा तो माझ्याकडं बघत नव्हता.

आषाढात एका दुपारी आभाळ फाटलं. दोन वर्षांचा पाऊस एकदम. नाला तांबडा झाला, तलावात पाणी चढायला लागलं. वस्तीतल्या लोकांनी बोचकी बांधली, कोंबड्या पाट्यांखाली घातल्या. मुकादमानं मला विचारलं, "धाकले सायब, ऱ्हाईल का?"

"राहील," मी म्हटलं. मला काय कळतंय? पाचवी नापास. पण म्हटलं आणि तसाच पळत जाऊन भरावाच्या मधोमध मांडी घालून बसलो. गेला तर माझ्यासकट जाऊ दे, असं डोक्यात आलं होतं. ठकूबाई गुडघे धरत वर आली. मला वाटलं, ओढून नेईल. ती शेजारी बसली. तिच्या मागं तिची सून, मग आणखी बाया. बघता बघता पन्नास-साठ माणसं भरावावर भिजत बसली. पाणी वर येत होतं. दोन हात राहिलं, मग हातभर.

तेवढ्यात मुकादम खालून बोंबलत आला. "उठा! येवढी माणसं बसलाय, भरावाला वझं व्हतंय!"

आम्ही घाबरून सगळे एकदम उठलो. उठलो म्हणून दिसलं. पश्चिमेच्या टेकाडाला वळसा घालून तांबडं पाणी खाली नाल्यात उतरत होतं, दगडावरून, गुमान. तळ्यातलं पाणी आमच्यापासून हातभर खाली होतं तिथंच थांबलं.

ठकूबाईनं पदरानं तोंड पुसलं. पावसाचं पाणी असेल.

*

श्रावणात जलपूजन ठरलं. मांडव रस्त्याच्या बाजूला घातला, म्हणजे कुणाला चिखलात उतरावं लागणार नाही. पुढारी आले, हार आले, खणा-नारळाची ताटं आली. डेप्युटी साहेब चक्क जीपमधून उतरले. आम्ही कामावरची माणसं खाली बसलो होतो, चारशेक असू. सांडवा टेकाडाच्या आड होता, मांडवातून दिसत नव्हता. अजून थोडं पाणी सुटत होतं, पण लाउडस्पीकरपुढं ते ऐकू येत नव्हतं.

पुढारी बोलून झाल्यावर साहेब उठले. दोन मिनिटं दादाबद्दल बोलले. तरुण होता, होतकरू होता, अननुभवी होता. नाव एकदा चुकलं, कारकुनानं मागून सांगितलं. मग म्हणाले की अशा अननुभवी पोराला आम्ही पावलापावलावर मार्गदर्शन केलं. नकाशाची रेघ न रेघ त्याच्याकडून गिरवून घेतली. या तलावाचा जीव म्हणजे त्याचा सांडवा. परवाच्या पुरात त्यानंच वस्ती वाचवली.

"तो सांडवा," साहेब म्हणाले, "मी स्वतः उन्हातान्हात उभं राहून कापून घेतला. तो बघा."

आणि त्यांनी हात लांब करून पूर्वेला दाखवलं.

चारशे माणसांनी माना वळवल्या. पूर्वेच्या टेकाडावर एक शेळी बोरीची पानं खात होती. पुढाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. खाली कुणीच वाजवल्या नाहीत. मुकादमानं मान खाली घातली. ठकूबाई माझ्याकडं बघत होती.

साहेबांचा हात तसाच वर होता, फोटोवाल्यासाठी.

मी उठलो. माणसांतून वाट काढत मांडवात गेलो. कारकून "तू कोण?" म्हणाला. मी साहेबांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि हळूच, त्यांना दुखणार नाही असं, पश्चिमेकडं वळवलं.